एक्झॉस्ट पंखा की एअर प्युरिफायर?

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगतच्या घरासाठी या दोहोंपैकी एकच घेणे परवडत असेल, तर मी आधी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा निवडेन. फोडणीचा धूर, गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि पावसाळ्यात भिंतीवर काळी बुरशी आणणारा दमटपणा तो थेट बाहेर टाकतो. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवत असला, तरी ओल आणि असे वायू त्याला अडवता येत नाहीत. मात्र हिवाळ्यात, ट्रकांच्या वर्दळीमुळे आणि बांधकामांच्या धुळीमुळे सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी पुन्हा करडी होते, तेव्हा आतली हवा बाहेर टाकताना पंखा फटींतून तीच धुळीची हवा आत ओढतो. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर त्याच्या झोपण्याच्या खोलीत प्युरिफायर हवाच.