साडेचार आणि साडेपाचच्या मधली पाच

इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका मित्राला दुकानात वायरॉख या जर्मन कंपनीची एचडब्ल्यू ९५ ही सेकंडहँड एअर रायफल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा उडवणारी बंदूक, दिसली. लाकूड छान, घोडा गुळगुळीत, किंमतही बरी. अडचण एकच: नळीचा आतला व्यास ५ मिलिमीटर. नेहमीच्या मापांतला ना ४.५, ना ५.५. "ही मधली भानगड काय आहे? घेऊ का?" असं त्याने विचारलं. फोनवर अर्धा तास बोलूनही माझं पुरतं समाधान झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक खुलासा. तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर हा प्रश्न बहुतेक इथेच मिटतो. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागतो. म्हणजे ५ मिमी घ्यायची तर साडेपाचाइतकीच कागदपत्रं करायची. तेवढं करायचंच असेल तर सरळ साडेपाच घ्यावी. आणि डोळ्यांसमोर अंजली भागवत किंवा रुद्रांक्ष पाटील असतील, तर १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत ४.५ मिमीशिवाय दुसरं काही चालतच नाही. पाचचा विचार खरा कामाचा आहे तो ब्रिटन-अमेरिकेतल्या मंडळींना. त्यातही न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथल्या कायद्यात एअर रायफललाही फायरआर्मच मानतात. आधी शस्त्रखरेदीचं ओळखपत्र, मग खरेदी.

हे माप आलं अमेरिकेतून. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावच्या शेरिडन कंपनीने १९४७ साली पंप मारून हवा भरायची एक देखणी, महागडी रायफल काढली आणि तिच्यासाठी ५ मिमी हा व्यास निवडला. पुढे तिचीच स्वस्त बहीण ब्लू स्ट्रीक अमेरिकेतल्या घराघरांत पोचली. नंतर रॉबर्ट बीमन यांनी जर्मन स्प्रिंग रायफली (स्प्रिंगने ढकललेला पिस्टन हवा दाबून छर्रा उडवतो अशा) अमेरिकेत विकताना याच मापाची बाजू हिरिरीने मांडली. त्यांचा मुद्दा सोपा होता: साडेचारची सरळ वाट आणि साडेपाचचा जोर, दोन्ही थोडे थोडे पदरात पडतात.

ऐकायला हे पटतं. खरं किती, ते आकड्यांत पाहू. इंग्लंडात परवान्याविना चालणारी कमाल ऊर्जा १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल. (स्कॉटलंडमध्ये २०१६च्या अखेरपासून याखालच्या एअरगनलाही परवाना लागतो.) ऊर्जा तिन्हींना सारखीच, मग फरक पडतो तो वजनाने आणि वेगाने. साडेचारचा ०.५५ ग्रॅमचा छर्रा या ऊर्जेत सेकंदाला साधारण २४४ मीटर वेगाने सुटतो. पाचचा ०.८९ ग्रॅमचा १९१ने आणि साडेपाचचा १.०३ ग्रॅमचा १७८ने. आता आकडे नीट बघा. व्यासात पाच अगदी मधोमध आहे, पण वेगात ती साडेपाचच्या शेजारी जाऊन बसलीय.

याचा परिणाम नेमावर होतो. स्कोप ३० मीटरला जुळवलेला आहे आणि लक्ष्य प्रत्यक्षात ३५ मीटरवर निघालं असं धरा. माझ्या ढोबळ हिशोबाने साडेचारचा छर्रा सव्वा सेंटिमीटर खाली लागेल, पाचचा दोन आणि साडेपाचचा अडीच. अंतर डोळ्यांनी जोखताना पाच मीटरची चूक कुणाचीही होते. फील्ड टार्गेट या स्पर्धेत अंतर स्वतःच जोखून पत्र्याच्या लक्ष्यातल्या भोकातून छर्रा मारायचा असतो. तिथे हे भोक काही वेळा जेमतेम १५ मिमीचं असतं, तिथे हा फरक जिंकण्या-हरण्याचा. म्हणून तिथली जवळपास सगळी मंडळी साडेचार वापरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. छर्रा जितका बारीक, तितका तो भोकाच्या कडेला न घासता आत जातो, हा त्यांचा आणखी एक फायदा.

पाचसाठी ०.७४ ग्रॅमचा हलका छर्राही मिळतो. तो घातला की वेग २१० मीटरपर्यंत जातो आणि बीमन म्हणायचे तो मधला मार्ग खरोखर दिसू लागतो. मग पाच घेणाऱ्याने हलकाच छर्रा का वापरू नये? वापरावा की. फक्त तो आपल्या नळीला मानवला पाहिजे.

पाचचं खरं दुखणं इथेच आहे. प्रत्येक नळीची आवड निराळी असते. एक छर्रा एका बंदुकीत नाण्याएवढा गट देतो, म्हणजे सगळे नेम तेवढ्या जागेत लागतात, तर दुसऱ्या बंदुकीत तोच ताटलीएवढा पसरतो. साडेचार आणि साडेपाचमध्ये आवड शोधायला वाव भरपूर. दहा-बारा कंपन्या, वेगवेगळी वजनं, शिवाय छर्र्याच्या डोक्याचे व्यास ४.५०, ४.५१, ४.५२ मिमी असे शतांशाच्या फरकाने निवडता येतात. पाचसाठी जेएसबी, एच अँड एन अशा मोजक्यांचे मोजकेच छर्रे. नळीला आवडले तर तुम्ही नशीबवान. नाही आवडले तर बंदूक कितीही चांगली असो, पुढे रस्ता नाही. शिवाय गावातल्या छोट्या दुकानात पाचचा डबा सहसा नसतोच.

पाचच्या बाजूनेही बोलायला हवं. मध्यम ताकदीच्या स्प्रिंग रायफलीत पाच मला मनापासून आवडते. खूप हलका छर्रा असला की पिस्टन धाडकन पुढे आदळतो, खूप जड असला की परत उसळी मारतो. पाचचा छर्रा या दोन्हींच्या मध्ये बसतो, झटका मवाळ वाटतो. हा अनुभव झाला, मोजमाप नव्हे. थंडीत बधिरलेल्या बोटांना साडेचारचा दाणा सापडत नाही, पाचचा सापडतो, हेही काही कमी नाही. आणि ०.८९ ग्रॅमचा छर्रा व्यासाच्या मानाने चांगला वजनदार असल्यामुळे दूरवर वेग टिकवून धरतो. या बाबतीत तो साडेपाचच्या १.०३ ग्रॅमवाल्यालाही किंचित मागे टाकतो.

घरात तिन्ही मापं असतील तर डबे वेगळ्या कपाटात ठेवा. मी एकदा घाईत पाचचा छर्रा साडेपाचच्या नळीत सरकवला. तो थेट आत घरंगळला आणि मी बराच वेळ खिसे चाचपत बसलो.

तर मित्रा, शेतावरच्या उंदीर-सशांसाठी एकच बंदूक हवी असेल तर साडेपाच घे. स्पर्धेत उतरायचं असेल तर साडेचार, त्यात वादच नाही. कागदावर नेम धरून रविवारची सकाळ घालवायची असेल आणि ती एचडब्ल्यू हातात धरल्यावर सोडवत नसेल, तर पाच खुशाल घे. फक्त पैसे मोजण्याआधी दुकानदाराला सांग, हलक्या आणि जड छर्‍यांचा एकेक डबा फोडून मागच्या रेंजवर झाडून बघू दे. ज्याचा गट जवळ येईल, त्या लॉटचे त्याच्याकडे असतील तेवढे डबे त्याच दिवशी उचल.