ऑस्कर २०२४: निकाल ठरलेला, चुरस बाकी

येत्या १० मार्चला लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये ९६वा ऑस्कर सोहळा रंगेल, तेव्हा आपल्याकडे ११ तारखेची पहाट झालेली असेल. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नावासाठी मात्र शेवटपर्यंत ताटकळण्याचे यंदा काही कारण दिसत नाही. दिग्दर्शकांची संघटना, निर्मात्यांची संघटना, अभिनेत्यांची संघटना आणि ब्रिटनचे बाफ्टा या सर्वांनी फेब्रुवारीतच, अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या ‘ओपनहायमर’च्या पारड्यात आपले वजन टाकले आहे आणि १३ नामांकनांसह तोच यादीत सर्वांच्या पुढे आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की या तेरांपैकी किती पुरस्कार त्याच्या स्वतःच्या गुणांचे असतील आणि किती लाटेचे.

लाट येते ती ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मतदानपद्धतीमुळे. नामांकने बहुतांशी त्या त्या शाखेचे सदस्य ठरवतात. संकलकांनी संकलकांची नावे सुचवायची आणि छायाचित्रकारांनी छायाचित्रकारांची. अंतिम फेरीत मात्र प्रत्येक सदस्याला प्रत्येक विभागात मत देता येते. ध्वनिमिश्रणाची जाण असो वा नसो, अभिनेत्याचे मत तिथेही मोजले जाते, आणि साहजिकच आवडत्या चित्रपटाच्या नावापुढे खूण करून तो मोकळा होतो. २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’ने १० नामांकनांतून ८ पुरस्कार नेले आणि गेल्या वर्षी ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स’ने अभिनयाच्या चारपैकी तीन पुरस्कारांसह एकूण ७ पटकावले, त्यामागे गुणवत्तेइतकाच या सवयीचाही हात होता.

‘ओपनहायमर’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मानाला लायक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र गेल्या जुलैत ज्या कारणासाठी त्यावर उड्या पडल्या, ते कारण मला दुय्यम वाटते. स्फोट पाहण्यासाठी मुंबईत आयमॅक्सच्या मध्यरात्रीनंतरच्या खेळांनाही गर्दी झाली. स्फोट होतो, दिपवतोही, पण त्यानंतर जवळपास तासभर क्रिस्टोफर नोलन प्रेक्षकाला दोन बंद दालनांत बसवून ठेवतो: एकात १९५४ साली ओपनहायमरची गोपनीय माहितीची परवानगी काढून घेण्यासाठी चाललेली चौकशी, आणि दुसऱ्यात १९५९ साली अणुऊर्जा आयोगाचा माजी अध्यक्ष लुईस स्ट्रॉस याच्या मंत्रिपदावर सिनेटसमोर चाललेली सुनावणी. एक रंगीत, दुसरी कृष्णधवल. कागदपत्रे, साक्षी आणि उलटतपासण्या यांच्यावर उभा असलेला हा भाग कंटाळवाणा होत नाही, याचे श्रेय जेनिफर लेम यांच्या संकलनाला जाते. या विभागात त्यांच्यासमोर दुसरे कोणी उभे राहू नये.

त्यातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. चित्रपटाच्या आरंभापासून अधूनमधून पाय आपटल्याचा आवाज कानांवर येतो आणि तो कशाचा आहे हे उमगत नाही. हिरोशिमानंतर, जेथे बॉम्ब घडवला त्या लॉस अलामोसच्या सभागृहात ओपनहायमर भाषणाला उभा राहतो, बाकांच्या उतरंडीवर बसलेले सहकारी आनंदाने पाय आपटू लागतात, आणि तेव्हा कळते की तो आवाज हाच होता. मग अचानक सगळा गलका नाहीसा होतो, उरते ती एक किंकाळी, आणि समोरच्या तरुणीच्या चेहऱ्यावरची त्वचा सुटू लागते. विजयाचे भाषण तोंडाने चालू आहे आणि डोळे भलतेच काही पाहत आहेत, ही अवस्था किलियन मर्फी चेहऱ्याची एकही रेष वाजवीपेक्षा जास्त न हलवता दाखवतो. सर्वोत्कृष्ट अभिनेता तोच ठरेल, आणि ठरावा.

उणिवाही आहेत. नोलनच्या चित्रपटातल्या स्त्रिया बहुधा नायकाच्या आयुष्यातल्या अडचणी म्हणूनच येतात, आणि येथेही प्रेयसी जीन टॅटलॉक आणि बायको किटी यांची तीच गत आहे. किटी साकारणाऱ्या एमिली ब्लंटला नामांकन मिळाले ते मुख्यतः चौकशीच्या दालनातल्या एका उलटतपासणीच्या बळावर. शय्येवर भगवद्गीता वाचण्याच्या प्रसंगावरून आपल्याकडे वादळ उठले आणि भारतीय पडद्यावर टॅटलॉक झालेल्या फ्लोरेन्स प्यूला संगणकाने काळा पोशाखही चढवला गेला. माझा आक्षेप वेगळा आहे. बर्कली विद्यापीठात आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकलेला हा माणूस गीतेत नेमके काय शोधत होता, याचा थांग घेण्याची संधी असताना नोलनने तो श्लोक शय्येवरच्या चमत्कृतीसाठी खर्ची घातला. भावना दुखावण्यापेक्षा हा वाया गेलेला श्लोक मला जास्त खटकतो.

दिग्दर्शनाचा पुरस्कार नोलनला मिळेल आणि तो त्याचा पहिला ऑस्कर असेल. ८१ वर्षांचे मार्टिन स्कॉर्सेसी या विभागात आजवर नामांकन मिळालेले सर्वांत वयोवृद्ध दिग्दर्शक ठरले आहेत, पण १० नामांकने असलेल्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’च्या हाती फारसे काही लागेल, असे दिसत नाही. ओक्लाहोमातल्या ओसेज लोकांच्या जमिनीत तेल सापडल्यानंतर १९२०च्या दशकात त्यांचे पद्धतशीर खून कसे झाले, याची ही साडेतीन तासांजवळ जाणारी कथा आहे. ती तिच्या लांबीमुळे जड होते, असे मला वाटत नाही; कथा खुनी नवऱ्याच्या बाजूने सांगितली जाते आणि त्याची ओसेज बायको मॉली मधल्या मोठ्या टप्प्यात आजारी होऊन अंथरुणाला खिळते, तेथे ती लंगडी पडते. ही अडचण स्कॉर्सेसींनाही जाणवली असावी. शेवटी रेडिओवरच्या एका करमणुकीच्या कार्यक्रमात सगळे खून गुंडाळले जातात आणि स्वतः दिग्दर्शक पुढे येऊन मॉलीच्या मृत्यूची वार्ता वाचतो. वार्तेत खुनांचा उल्लेखच नव्हता, हे त्यांचे शेवटचे वाक्य अख्ख्या चित्रपटाला नव्याने तोलून पाहायला लावते.

मॉलीच्या भूमिकेतली लिली ग्लॅडस्टोन ही सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या विभागात नामांकन मिळवणारी पहिली मूळ अमेरिकी वंशाची अभिनेत्री आहे, आणि यंदाची खरी चुरस याच विभागात आहे. ‘पुअर थिंग्ज’ची एमा स्टोन बाफ्टा आणि क्रिटिक्स चॉइस जिंकून बसली आहे, ग्लॅडस्टोनकडे अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार आहे, गोल्डन ग्लोबने नाट्य आणि विनोद असे दोन विभाग करून दोघींनाही खूश केले. बाफ्टात ग्लॅडस्टोनचे नामांकनच नव्हते, त्यामुळे स्टोनच्या तिथल्या विजयाला मी फार किंमत देत नाही. अभिनेते हा अकादमीतला सर्वांत मोठा गट आहे आणि त्यांनी नुकताच दिलेला कौल ताजा आहे, म्हणून माझे भाकीत ग्लॅडस्टोनच्या बाजूने झुकते. मतपेटी उघडल्यावर स्टोनचे नाव निघाले, तरी त्याला अन्याय म्हणता येणार नाही. मोठ्या बाईच्या देहातले तान्हे मन अडखळत्या पावलांनी चालू लागते आणि चित्रपट संपेपर्यंत वादविवादात भल्याभल्यांना निरुत्तर करते, हा प्रवास तिने चाल, उच्चार आणि नजर यांच्या बारीक बारीक पायऱ्यांनी घडवला आहे. योर्गोस लँथिमॉसच्या त्या विचित्र, फुगवट्या भिंगातून दिसणाऱ्या जगात तिच्यामुळेच जीव येतो. मधला पॅरिसचा भाग मात्र एकच मुद्दा चारदा सांगतो. वेशभूषा आणि कलादिग्दर्शन या दोन्ही विभागांत ‘पुअर थिंग्ज’ बाजी मारेल. रंगभूषेचा पुरस्कार ‘माएस्ट्रो’तल्या संगीतकार बर्नस्टाइनच्या कृत्रिम नाकाकडे जाईल, त्या चित्रपटाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे मला काही सापडले नाही.

माझे स्वतःचे मत या दोघींपैकी कोणालाच नाही. ते सँड्रा ह्यूलरला आहे. ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’मध्ये नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली लेखिका ती उभी करते, आणि दोषी की निर्दोष याचा निवाडा प्रेक्षकाला शेवटपर्यंत करू देत नाही. त्यातल्या भांडणाचा प्रसंग पाहावा. न्यायालयात ध्वनिमुद्रण वाजू लागते, दिग्दर्शिका जस्टिन त्रिए आपल्याला थेट स्वयंपाकघरात नेते, शब्दाला शब्द वाढत जातो, आणि जेथे हाणामारी सुरू होते नेमके तेथे चित्र पुन्हा न्यायालयात परतते. कोणी कोणाला मारले, हे आपण फक्त ऐकतो. मूळ पटकथेचा पुरस्कार या एका निर्णयासाठीही देऊन टाकावा, आणि तो मिळेल असेही वाटते. ‘पास्ट लाइव्ह्ज’ हळवा आणि नेटका आहे, पण त्याच्या पदरी नामांकनावर समाधान मानणेच येईल.

हीच ह्यूलर ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मध्ये आउश्वित्झच्या कमांडंटची बायको झाली आहे, आणि यंदाच्या दहा चित्रपटांतला माझ्या लेखी सर्वांत श्रेष्ठ चित्रपट हा आहे. जोनाथन ग्लेझरने छळछावणीच्या भिंतीपलीकडचा संहार कॅमेऱ्याला एकदाही दाखवू दिलेला नाही. भिंतीच्या अलीकडे बाग फुलते, मुले पोहण्याच्या हौदात डुंबतात, बाई नव्याने हाती आलेला फरचा कोट आरशासमोर अंगावर चढवून पाहते आणि त्याच्या खिशात सापडलेली लिपस्टिक ओठांना लावते. ती कोणाची होती, हे कोणी विचारत नाही. भिंतीपलीकडून मात्र भट्ट्यांची सततची घरघर, कुत्र्यांचे भुंकणे, गोळी, आरडाओरडा हे सारे येत राहते, आणि थोड्या वेळाने आपल्यालाही त्याची सवय होऊ लागली आहे हे लक्षात येऊन अंगावर काटा येतो. पडद्यावर एक आणि कानांत दुसरा असे दोन चित्रपट एकाच वेळी चालवण्याची ही करामत ध्वनिआरेखक जॉनी बर्न यांची आहे. ध्वनीचा पुरस्कार त्यांच्या चमूलाच मिळायला हवा. बाफ्टाने तो दिला. अकादमीत मात्र लाट आडवी येईल आणि तो ‘ओपनहायमर’ नेईल, अशी माझी भीती आणि माझे भाकीतही आहे. ‘ओपनहायमर’चे संवाद पार्श्वसंगीताखाली कितीदा बुडाले, हे त्या रात्री कोणाला आठवणार नाही.

आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा पुरस्कार ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’चाच, ब्रिटनच्या नावावर. फ्रान्सने आपल्या हाताने वाट मोकळी करून दिली: कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळवलेला ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ घरी ठेवून त्यांनी स्वयंपाकावरचा दुसरा चित्रपट पाठवला आणि तो अंतिम पाचांतही आला नाही. देशाची निवडसमिती आणि जगाची पसंती यांचे जुळत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. चित्रपट चांगला निवडला तरी पुढे प्रचाराला पैसा लागतो. २००४ साली ‘श्वास’ गेला तेव्हा महाराष्ट्रात त्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती.

रूपांतरित पटकथेत ‘अमेरिकन फिक्शन’ ‘ओपनहायमर’ला रोखेल, लाटेला बांध पडण्याची ही माझ्या मते सर्वांत भरवशाची जागा आहे. ‘बार्बी’ला ८ नामांकने मिळूनही ग्रेटा गर्विगचे नाव दिग्दर्शकांत नाही, यावरून बरीच ओरड झाली. चित्रपटाचा पहिला अर्धा भाग पाहता ती रास्त वाटते; दुसऱ्या अर्ध्यात पात्रे बोलायची थांबून व्याख्याने देऊ लागतात. त्याच्या वाट्याला बिली आयलिशचे गाणे येईल. सहायक अभिनेत्याचा मान स्ट्रॉस साकारणाऱ्या रॉबर्ट डाउनी ज्युनियरचा, आणि सहायक अभिनेत्रीचा डिव्हाइन जॉय रँडॉल्फचा. ‘द होल्डओव्हर्स’मध्ये व्हिएतनाममध्ये मुलगा गमावलेली शाळेची स्वयंपाकीण ती करते, आणि नाताळच्या मेजवानीत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिचा बांध फुटतो त्या प्रसंगात एकही सूर चढा लागत नाही. पॉल जियामाटी त्याच चित्रपटात तितकाच चांगला आहे. मर्फी समोर नसता तर हे त्याचे वर्ष होते.

माहितीपटांत झारखंडमधल्या एका बापाने मुलीच्या न्यायासाठी दिलेल्या लढ्यावरचा, निशा पाहुजा यांचा ‘टू किल अ टायगर’ अंतिम पाचांत आहे. जिंकेल मात्र ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’. दृश्यपरिणामांच्या विभागात मी बेधडक ‘गॉडझिला मायनस वन’वर खूण करतो: हॉलिवूडच्या मानाने किरकोळ खर्चात, पस्तीस जणांच्या चमूने, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकीच्या देखरेखीखाली केलेल्या कामाने शेजारच्या अवाढव्य अमेरिकी चित्रपटांना फिके पाडले आहे, आणि १९५४पासून पडद्यावर थैमान घालणाऱ्या या प्राण्याचे हे पहिलेच ऑस्कर नामांकन आहे. या एका विभागात तरी ‘ओपनहायमर’चे नाव मतपत्रिकेवर नाही.