चिंतन बैठक, मंगल कार्यालय, सांगली: दोन स्टार, त्यातला एक अख्ख्या मसूरला

आधीच सांगते, हा हॉटेलचा रिव्ह्यू नाही, 2024 च्या विधानसभेत पडल्यावर आमच्या पक्षानं जी चिंतन बैठक घेतली तिचा आहे. पार्लरवालीनं एक आयब्रो बारीक केली तर आपण लगेच स्टार कापतो, मग जिथं पंधरा वर्षं फुकट राबतोय तिथल्या सर्व्हिसबद्दल का नाही लिहायचं. पक्षाचं नाव टाकत नाही, आघाडीतल्या बाकीच्या दोघांकडं पण थोड्याफार फरकानं हेच चाललंय असं तिकडच्या मैत्रिणी सांगतात.

वेळ 11 ची, चालू झाली दुपारी सव्वाला. तोवर माइक टेस्टिंग आणि "साहेब अंकलीपर्यंत आलेत". स्टेजवर बावीस खुर्च्या, मोजल्या मी, एकीवरही बाई नाही, एक होती ती बुके धरून कोपऱ्यात उभी. आम्ही बूथवाल्या मागं, चालू पंख्याखाली जागा मिळाली ती नशीबवान.

पहिला तास ईव्हीएम. असेल ओ, शंका असेल तर कोर्टात जा, पण मग आम्हाला कशाला बोलावलंय? मतदान संपल्यावर बूथ एजंटला 17सी चा कागद मिळतो, मशीनमध्ये किती मतं पडली त्याचा, तो माझ्या पर्समध्ये घडी घालून होता, म्हटलं कुणीतरी मागेल. कुणी मागितला नाही. लोकसभेला आमच्या बूथवर आपण पुढं होतो, विधानसभेला मागं गेलो, मधल्या सहा महिन्यांत गल्लीत काय झालं हे हॉलमध्ये मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं आणि मला कुणी विचारलंच नाही.

मग लाडकी बहीण. एक तालुका पातळीवरचे दादा उठले आणि म्हणाले, बायका दीड हजाराला विकल्या गेल्या. आमच्या रांगेत आम्ही चौघीजणी, चौघींनी फॉर्म भरलेला! मी तर जुलैत आमच्या कट्ट्यावर बसून अख्ख्या गल्लीचे फॉर्म भरून दिलेत, नारीशक्ती दूत अ‍ॅप हँग व्हायचं, ओटीपी यायचा नाही, रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत. मतदानाच्या आधी 7500 खात्यात पडले होते. आपण आधी बोंब मारली की तिजोरी रिकामी होणार, आणि नंतर जाहीरनाम्यात 3000 लिहिले. समोरची अक्का मला तोंडावर म्हणाली, "तुमच्या साहेबांचं आधी ठरू दे की बाई, द्यायचं का न्हाय द्यायचं." आता तिला विकलेली म्हणायचं? त्या पैशातनं तिनं गिरणीची उधारी भागवली आणि पोरीला बूट घेतले.

मला सगळ्यात खटकलं ते हेच. जूनमध्ये राज्यात 48 पैकी 30 खासदार आघाडीचे आले तेव्हा हीच जनता सुज्ञ होती. आणि सांगलीत तर लोकांनी आपल्यालाच शिकवलं होतं, वरनं जागा ठाकरे गटाला दिली, इथला कार्यकर्ता नको नको म्हणत होता, शेवटी विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लिफाफा चिन्हावर लाखाच्या फरकानं निवडून आले. म्हणजे मुंबईत बसलेल्यांपेक्षा सांगलीतल्या माणसाला जास्त कळत होतं. त्यावर बैठक व्हायला पाहिजे होती. झाली नाही, कारण तेव्हा आपण जिंकलो होतो ना! मग पुढचे सहा महिने मुख्यमंत्री कोण यावर घालवले, आणि 23 नोव्हेंबरला 288 मध्ये भाजपच्या एकट्याच्या 132.

साताऱ्याकडनं आलेले एकजण म्हणाले, लोकसभेला तिकडं आघाडीच्या तुतारी चिन्हासारख्या दिसणाऱ्या पिपाणी चिन्हाला 37 हजार मतं गेली आणि आपण पडलो 32 हजारांनी. खरं आहे, त्याचं मलाही वाईट वाटतं. पण विधानसभेला सातारा जिल्ह्यातल्या आठच्या आठ जागा गेल्या, कराड दक्षिणला माजी मुख्यमंत्री पडले, तिथं कुठली पिपाणी होती?

कामाचं बोलले ते दोघंच. एक कॉलेजचे सर, त्यांनी इंग्लंडच्या मजूर पक्षाचं सांगितलं. 2019 ला 202 जागांवर आले, गिरण्या-खाणींच्या गावातले पिढीजात मतदार पण सोडून गेले, मग पुढारी बदलला, सोडून गेलेल्यांकडं परत गेले, 2024 ला 411. सर हेही म्हणाले की मतं जेमतेम दीड-दोन टक्के वाढली, समोरच्यांची फाटाफूट झाली म्हणून एवढ्या जागा आल्या, तेव्हा लगेच फेटे बांधू नका. मी लिहून घेत होते तेवढ्यात त्यांना चिठ्ठी आली, आवरतं घ्या. दुसरे एक म्हातारे आबा, टोपीवाले. ते म्हणाले 77 ला इंदिराबाई पडल्या, आणि त्याच वर्षी बिहारमध्ये बेलछीला दलितांचं हत्याकांड झालं तर चिखलातनं हत्तीवर बसून तिथं गेल्या, 80 ला परत पंतप्रधान. आपल्याकडं साहेबांची गाडी गल्लीत वळत नाही म्हणून कॉर्नर सभा रद्द होते. टाळ्या पडल्या, साहेब मोबाइल बघत होते.

महापालिकेचा विषय तर निघालाच नाही. झेडपीवर तेव्हा 2022 पासून प्रशासक होता, आपल्या महापालिकेवर 2023 पासून. नगरसेवक नव्हता, सदस्य नव्हता, गटार तुंबलं तर बाई कुणाकडं जाणार होती? 2019 च्या पुरात आम्ही घरोघरी चिखल काढलाय, तेव्हा गल्लीत आमच्या पक्षाला मान होता. आता गल्लीत आमचं काय आहे तर एक फ्लेक्स, तोही दिवाळीच्या शुभेच्छांचा, अजून उतरवलेला नाही.

जेवण मात्र एक नंबर. अख्खा मसूर, भाकरी, खर्डा, ताक, आणि गरम जिलेबी. पडल्यावर जिलेबी कोण ठेवतं असं मी वाढप्याला विचारलं, तो म्हणाला ऑर्डर निकालाच्या आधीच दिली होती, अ‍ॅडव्हान्स परत मिळेना.

जाताना सूचना लिहायला कागद दिला, पेन नाही. आयब्रो पेन्सिलनं लिहिलं: पडलेल्या प्रत्येक बूथवर नेत्यानं स्वतः यायचं, बिनामाइक, खाली सतरंजीवर बसायचं आणि ज्यांनी आपल्याला मत दिलं नाही त्यांना बोलू द्यायचं, मधे बोलायचं नाही. नाव, नंबर टाकलाय. तीन आठवडे झाले, फोन आला तो एकच, बैठकीचे फोटो स्टेटसला ठेवा म्हणून.

मग रविवारी मीच गेले अक्काकडं, वही घेऊन. तिनं चहा टाकला आणि डायरेक्ट पिशवीतनं कागद काढले, सासूबाईंचे श्रावणबाळ योजनेचे पैसे चार महिने बंद आहेत, बँकवाले म्हणतात तहसीलला विचारा, तहसीलवाले म्हणतात बँकेला विचारा. निवडणुकीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. सोमवारी तिला घेऊन तहसीलला जायचंय, रजा टाकलीय, तलाठ्याचा दाखला आणि पासबुकाची झेरॉक्स तेवढी आजच काढून ठेवते.