‘श्रीमान श्रीमती’: घर सांभाळणाऱ्या नवऱ्याचे हसे

१९९४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेली ‘श्रीमान श्रीमती’ ही हिंदी मालिका पुन्हा पाहताना जाणवते, की तिचा बराचसा विनोद उलट्या वाटणीवर उभा आहे: पत्नी प्रेमा चित्रपटतारका आणि पती दिलरुबा घर सांभाळणारा, म्हणून तो हास्यास्पद, शेजारच्या केशव कुलकर्णीची पत्नी कोकी तेच काम करते, तेव्हा मात्र त्यात हसण्यासारखे काही नसते. दोन्ही नवऱ्यांचा डोळा शेजारणीवर असतो आणि या लंपटपणाला मालिका निव्वळ खोडकरपणा मानते. तरीही रीमा लागू यांनी कोकीचा भाबडेपणा इतक्या संयमाने रंगवला आहे, की साच्यातली गृहिणीही जिवंत वाटते. जतीन कनाकिया यांच्या केशव कुलकर्णीची धांदल आजही हसवते. दिलरुबाच्या घरकामावर बेतलेले विनोद मात्र शिळे झाले आहेत.