जुन्या लॅपटॉपवर काय घ्यावं: एक्सएफसीई, ओपनबॉक्स, आय-थ्री की डीडब्ल्यूएम?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत बसत नाहीत. त्यामुळे सातपूर-सिडकोपासून नाशिकरोडपर्यंत कितीतरी घरांत एक धडधाकट लॅपटॉप नुसता पडून आहे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं तर ठरलंय, पण पुढे गाडी अडते: पूर्ण डेस्कटॉप घ्यावा, की खिडक्या मांडण्यापुरता हलका, कीबोर्डवर चालणारा विंडो मॅनेजर?

बहुतेक जण या प्रश्नाला रॅमपासून सुरुवात करतात. ग्नोम हा पूर्ण डेस्कटॉप काहीही न उघडता एक जीबीच्या आसपास रॅम धरतो, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप साधारण त्याच्या निम्म्यात भागवतो, आणि आय-थ्री किंवा डीडब्ल्यूएम हे विंडो मॅनेजर स्वतःपुरते काही एमबीच घेतात. चार जीबीच्या मशिनवर हा फरक कळतो, नाही असं नाही. पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की वाचवलेलं सगळं तिथेच खर्ची पडतं. नुसती रॅम वाचवायची असेल तर एक्सएफसीई घ्या आणि निश्चिंत व्हा. वायफाय, आवाज, पेन ड्राइव्ह, बॅटरीची सूचना सगळं पहिल्या दिवसापासून चालतं. खिडकी कडेला ओढली की अर्ध्या पडद्यावर बसते, आणि तेच काम कीबोर्डवरही लावून घेता येतं.

कीबोर्डवर चालणारा विंडो मॅनेजर घ्यायचा तो हातांसाठी. (इथे आय-थ्री म्हणजे इंटेलचा प्रोसेसर नव्हे. मायकेल स्टॅपेलबर्ग यांनी २००९मध्ये सुरू केलेला हा विंडो मॅनेजर आहे.) एक रोजचं काम घेऊ. निर्यातीच्या द्राक्षांसाठी फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. डावीकडे लिब्रेऑफिसचा तक्ता, उजवीकडे औषधांच्या यादीची पीडीएफ, आणि मधूनच ब्राउझर. नेहमीच्या डेस्कटॉपवर यातला निम्मा वेळ एका खिडकीखालची दुसरी शोधण्यात जातो. आय-थ्रीमध्ये तक्ता उघडला की तो पूर्ण पडदा घेतो, पीडीएफ उघडली की दोघांना अर्धा-अर्धा मिळतो. कुठलीच खिडकी दुसरीखाली दडत नाही. ब्राउझर दोन नंबरच्या वर्कस्पेसवर, म्हणजे वेगळ्या आभासी पडद्यावर, ठेवायचा. विंडोजची खूण असलेलं बटण आणि २ दाबलं की तो समोर, तेच बटण आणि १ दाबलं की परत तक्ता. पडदा लहान असेल तर त्याच बटणासोबत डब्ल्यू दाबा, दोन्ही खिडक्या टॅबसारख्या एकामागे एक लागतात. हे बोटांत बसायला थोडे दिवस जातात. एकदा बसलं की माउसकडे हात नेणं नकोसं होतं.

मराठीत लिहिणाऱ्याने मात्र एक गोष्ट सगळ्यात आधी तपासावी, आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते. डीडब्ल्यूएमची वरची पट्टी एक्सएफटी नावाच्या लायब्ररीने अक्षरं काढते. ती अक्षरं एकापुढे एक ठेवते, जोडत नाही. फाइलचं नाव ‘निफाड द्राक्ष’ असेल तर वेलांटी ‘न’ला सोडून ‘फ’ला चिकटते आणि ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क’ आणि सुटा ‘ष’ दिसतो. आय-थ्री पँगो ही अक्षरं नीट जोडणारी लायब्ररी वापरतो, म्हणून तिथे मथळे आणि खालची पट्टी दोन्ही शुद्ध दिसतात. आय-थ्रीच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधल्या फाँटच्या ओळीत पँगोपुढे नोटो सान्स देवनागरीचं नाव टाकलं की काम झालं. आय-थ्रीसोबत प्रोग्रॅम उघडायला येणारा डीमेनू डीडब्ल्यूएमच्याच घरातला, तेव्हा त्याच्या जागी त्याच कामाचा रोफी ठेवा. वर्कस्पेसला मराठी नावं देता येतात, ‘हिशेब’, ‘लेखन’ अशी. फक्त नावाच्या सुरुवातीचा अंक इंग्रजी ठेवा, कारण देवनागरी अंक आय-थ्रीला अंक म्हणून कळत नाही.

टायपिंगसाठी आयबस हा भाषा बदलून टाइप करू देणारा प्रोग्रॅम आणि त्याचं एम-सेव्हन्टीन-एन पॅकेज घ्यावं. त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करायची सोयही आहे. ग्नोममध्ये आयबस आपोआप सुरू होतो. आय-थ्रीत तो सुरू करायची ओळ तुम्हीच कॉन्फिग फाइलमध्ये लिहायची. शिवाय भाषा बदलायला आयबस मुळात विंडोजचं बटण आणि स्पेस धरतो, आणि आय-थ्रीतही तीच जोडी तरंगत्या आणि मांडलेल्या खिडक्यांमध्ये जाण्यासाठी ठेवलेली असते. आयबसच्या सेटिंगमध्ये ती पहिल्याच दिवशी बदला. नाहीतर मराठी मध्येच का चालू होत नाही याचा शोध घेत संध्याकाळ जाईल.

अशा बारीकसारीक गोष्टी आणखी आहेत, आणि विंडो मॅनेजरची खरी किंमत तीच आहे. सेमिनारला प्रोजेक्टरची वायर लावली की आपोआप काहीच होत नाही. अरँडर हा पडदे मांडायचा प्रोग्रॅम उघडून दुसरा पडदा चालू करावा लागतो. तेव्हा सगळ्यांसमोर उभं राहण्याआधी घरच्या टीव्हीवर एकदा सराव करा. बॅटरी संपत आली तरी कुणी टोकत नाही, खालच्या पट्टीतला आकडा तेवढा लाल होतो. दुपारी वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर त्या आकड्याकडे बघायची सवय लावून घ्यायलाच हवी. वायफायसाठी एनएम-ॲप्लेट आणि सूचनांसाठी डन्स्ट वेगळे घ्यावे लागतात.

डीडब्ल्यूएम हा वेगळ्याच वृत्तीचा प्रोग्रॅम आहे, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. २००६पासूनचा, सी भाषेतला, आणि दोन हजार ओळींच्या आत राहण्याचा नियम त्याने स्वतःवर घालून घेतलेला. त्याला वेगळी कॉन्फिग फाइल नाही. शॉर्टकट बदलायचा तर सोर्समधली हेडर फाइल बदला, पुन्हा कंपाइल करा (म्हणजे सोर्समधून चालणारा प्रोग्रॅम बनवा), पुन्हा सुरू करा. एखादी सोय हवी असेल तर पॅच, म्हणजे सोर्समधल्या बदलांची तयार फाइल, शोधून तो स्वतः लावा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या, सी शिकलेल्या मुलामुलींनी हा एकदा तरी वाचावा. विंडो मॅनेजर आतून कसा चालतो हे इतक्या थोडक्यात दुसरीकडे सहज दिसणार नाही. पण रोज मराठीत काम करणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

ओपनबॉक्स मधला मार्ग आहे. खिडक्या नेहमीसारख्या तरंगतात, उजव्या क्लिकला मेनू येतो, आणि हवे तेवढे शॉर्टकट एक्सएमएल फाइलमध्ये लिहिता येतात. माउस सोडायचा नसेल आणि मशिन अगदीच जुनं असेल तर चांगला आहे. मात्र त्याची शेवटची आवृत्ती २०१५ची आहे आणि तो फक्त एक्स-इलेव्हनवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लिनक्सच्या जुन्या व्यवस्थेवर, चालतो. वेलँड या नव्या व्यवस्थेकडे जायचं असेल तर आय-थ्रीवाल्यांसाठी स्वे आहे. आय-थ्रीची कॉन्फिग फाइल त्यात बरीचशी तशीच चालते. एनव्हिडियाचं कार्ड आणि त्याचे कंपनीचे, सोर्स खुला नसलेले ड्रायव्हर असतील तर स्वेच्या वाटेला जाऊ नका. लिनक्सऐवजी ओपनबीएसडी ही दुसरी मोफत सिस्टिम टाकणाऱ्याला तर काही शोधायलाच नको, सीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर मूळ सिस्टिमसोबतच येतो.

घरात लॅपटॉप एकच असेल आणि आई-बाबाही तो वापरत असतील तर एक्सएफसीई. त्यांच्यापुढे रिकामा काळा पडदा ठेवू नका. दिवसभर लिहिणारा, भाषांतर करणारा, कोड लिहिणारा किंवा तक्ते भरणारा एकटाच असेल तर आय-थ्री, बेधडक. आणि यातलं एक घेतलं म्हणून दुसरं सोडावं लागत नाही. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई आवृत्ती टाका, त्यातच आय-थ्रीचं पॅकेज घ्या, आणि लॉगिनच्या पडद्यावर सेशन बदला. पहिल्यांदा आत गेल्यावर आय-थ्री विचारेल की कॉन्फिग फाइल बनवू का, आणि शॉर्टकटसाठी मुख्य बटण विंडोजचं हवं की ऑल्ट. विंडोजचं निवडा, ऑल्ट बाकीच्या प्रोग्रॅमना लागतं.