नायट्राइल कापायचं मशीन घेताय? आधी आमच्याशी काय झालं ते वाचा

नायट्राइल (काळा रबरी फोम), एक्सएलपीई (प्लास्टिकचा फोम), ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) असलं मऊ इन्सुलेशन कापण्यासाठी कुणी सीएनसी नाइफ कटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलीवरून पत्तीने कापणारं मशीन, घ्यायच्या विचारात असेल, तर आगाऊ रक्कम भरण्याआधी हे वाचून घ्या. आमचे बारा लाखांच्या वर पैसे गेले आहेत. मशीन शेडमध्ये उभं आहे, पण ज्या मालासाठी घेतलं तो माल ते कापत नाही, आणि कधी कापणारही नव्हतं. विकणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच मी याला खराब मशीन म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

भोसरी एमआयडीसीत मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून छोटं युनिट चालवतो. एसी डक्टच्या ठेकेदारांना नायट्राइलचे कापलेले तुकडे, चिल्ड वॉटर लाइनच्या (एसीचं थंड पाणी नेणाऱ्या पाइपच्या) व्हॉल्व्हची आणि फ्लँजची (पाइप जोडायच्या चकत्यांची) कव्हरं, जनरेटरच्या कॅनॉपीला आतून लावायचा फोम, ही आमची मुख्य कामं. हा माल दिसतो साधा, पण त्यात मिलिमीटरचा हिशेब असतो. चिल्ड वॉटरच्या पाइपमधून साधारण ७ अंशांचं पाणी जातं. दोन तुकड्यांच्या सांध्यात फट राहिली की पावसाळ्यातली दमट हवा थेट थंड लोखंडापर्यंत पोचते, तिथे पाणी सुटतं आणि फॉल्स सीलिंगवर डाग पडतात. मग ठेकेदार आमच्या नावाने ओरडतो, आणि ते बरोबरच असतं. वर्षानुवर्षं पोरं पत्र्याचा टेम्पलेट ठेवून हातानेच कापत आली. एकसारखे तुकडे जास्त लागले तर आम्ही डाय, म्हणजे दाबून एका घावात आकार कापणारा साचा, करून घ्यायचो. पण प्रत्येक नव्या आकाराला नवी डाय लागते आणि व्हॉल्व्हचे आकार तर संपता संपत नाहीत. म्हणून मशीन.

मऊ फोम कापणं कडक माल कापण्यापेक्षा अवघड असतं. स्टिकर कापायच्या मशीनवरची पत्ती नुसती ओढत नेतात. तशी पत्ती २५ मिलिमीटरच्या नायट्राइलमध्ये घातली तर माल तिच्यापुढे गोळा होतो, दोन्ही बाजूंनी तिला आवळतो आणि फाटतो. ताजा पाव सुरीने नुसता दाबला तर चेपतो आणि सुरी मागेपुढे केली तर सरळ कापला जातो, तसंच हे आहे. म्हणून या मालाला वरखाली हलणारी पत्ती, म्हणजे ऑसिलेटिंग नाइफ लागते. त्यातही दोन जाती आहेत. विजेवर हलणाऱ्या हेडची पत्ती मिनिटाला हजारो वेळा हलते, पण तिचा स्ट्रोक, म्हणजे वरखाली हलण्याचं अंतर, जेमतेम १ मिलिमीटरचा असतो. चामडं, पुठ्ठा, पातळ शीट यांना ती उत्तम. जाड मऊ फोमला हवेच्या दाबावर चालणारं हेड लागतं आणि त्याचा स्ट्रोक ८ मिलिमीटरच्या आसपास असतो. कोटेशनवर दोघांचंही नाव एकच छापता येतं. आमच्या कोटेशनवर ‘ऑसिलेटिंग नाइफ, ५० मिलिमीटरपर्यंत फोम’ एवढंच छापलं होतं. आम्ही स्ट्रोक विचारला तेव्हा तोंडी उत्तर मिळालं, ‘दादा, काळजीच करू नका, हेवी ड्यूटी आहे.’

विक्रेता भेटला चिंचवडच्या एका प्रदर्शनात. बोलणं गोड, अंगावर टाय, हातात टॅब. स्टॉलवरच्या मशीनवर तो १० मिलिमीटरचं एक्सएलपीई कापून दाखवत होता. एक्सएलपीईच्या पेशी बंद असतात, अंगाने ते ताठ असतं, टेबलाखालून हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूमने टेबलाला छान चिकटतं आणि कुठल्याही पत्तीने कापलं जातं. आम्हाला खात्री नायट्राइलची हवी होती, म्हणून आम्ही आमच्याच रोलमधले २५ मिलिमीटरचे तुकडे आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या) फाइली त्याच्याकडे पाठवल्या. आठवड्याभरात कुरिअरने कापलेले नमुने आले. कडा साफ, कोपरे टोकदार, मधली छोटी भोकंही गोल. सोबत फोनवर व्हिडिओ आला, त्यात मशीन काळा फोम कापताना दिसत होतं. या नमुन्यांवरच आम्ही ऑर्डर दिली, आणि पुढचं सगळं त्या नमुन्यांवरच येऊन थांबतं.

किंमत ११ लाख ५० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी २ लाख ७ हजार. चाळीस टक्के ऑर्डरसोबत, पन्नास टक्के माल निघण्याआधी आणि उरलेले दहा मशीन बसवून झाल्यावर. बँकेने कर्जाची रक्कम प्रोफॉर्मा (आगाऊ दिलेलं कच्चं बिल) बघून थेट विक्रेत्याच्या खात्यात टाकली.

मशीन आलं. बसवायला जो इंजिनिअर आला त्याने आधी कागद कापून दाखवला, मग ६ मिलिमीटरचं एक्सएलपीई. नायट्राइल लावा म्हटलं तर म्हणाला, ‘त्याची पत्ती उद्या येतेय, सेटिंग उद्या करू.’ संध्याकाळी निघताना त्याने आमच्या सुपरवायझरकडून एका कागदावर सही घेतली. ‘मी येऊन गेल्याची नोंद आहे, साहेबांना त्रास देत नाही,’ असं त्याला सांगितलं. तो कागद होता कमिशनिंग रिपोर्ट, म्हणजे मशीन बसवून चालू करून दिल्याचा दाखला. त्यावर ठळक लिहिलं होतं की मशीन सर्व मालांवर समाधानकारक चाललं. पुढे आमच्या प्रत्येक तक्रारीला हाच कागद उत्तर म्हणून आला. इंजिनिअर मात्र पुन्हा आला नाही.

आम्ही नायट्राइल लावलं आणि पत्तीने माल ओढून गोळा केला. वेग कमी केला तर वरून आकार बरोबर यायचा, पण उलटवून पाहिलं की खालची कड चार-पाच मिलिमीटर सरकलेली. पत्ती मालातच वाकत होती. ग्लासवूल तर टेबलावर धरतच नव्हतं. ग्लासवूलमधून हवा आरपार जाते, म्हणून वर प्लास्टिकची फिल्म अंथरून व्हॅक्यूम द्यावा लागतो हे आम्हाला ठाऊक होतं. फिल्म अंथरूनही माल हलत होता.

तेव्हा ओळखीच्या वायरमनला बोलावलं. व्हॅक्यूमच्या पंपाच्या मोटरवर ७.५ किलोवॅट लिहिलेली नावाची पट्टी होती. साडेसात किलोवॅटची थ्री फेज मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण १३-१४ अँपिअर घेते. त्याने टाँगटेस्टर (वायरभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) लावला. टेबल पूर्ण झाकून, उघडं ठेवून, टेबलाच्या सगळ्या झोनचे (भागांचे) व्हॉल्व्ह उघडून पाहिलं, काटा सहाच्या वर गेलाच नाही. पट्टीचा कोपरा नखाने उचलला तर खाली मूळ पट्टी निघाली, ३ किलोवॅटची. मग आम्ही एकेक झाकण उघडत गेलो. ‘सर्वो’ (आपली जागा सतत तपासत फिरणारी मोटर) असं चिकटवलेल्या मोटरी तशी तपासणी नसलेल्या साध्या स्टेपर होत्या, मागे जागा कळवणाऱ्या एन्कोडरची वायरच नाही. हेड विजेवरचं, एक मिलिमीटर स्ट्रोकचं, आणि त्यात लांब पत्ती कोंबलेली. म्हणजे पातळ मालाचं हलकं मशीन होतं, वर जड मशीनचे स्टिकर.

मग ते कापलेले नमुने कसे आले? हे कोडं आमच्या नेहमीच्या डायवाल्या काकांनी सोडवलं. नमुना हातात घेऊन त्यांनी कड उजेडात धरली आणि म्हणाले, ‘अरे, हे तर डायवर मारलंय.’ जाड फोम डायखाली दबतो, दबलेल्या अवस्थेत कापला जातो आणि सुटला की फुगतो. त्यामुळे त्याची कड मधोमध किंचित आत गेलेली राहते. नाइफने कापलेली कड सरळ असते, पण आतल्या कोपऱ्यांत पत्ती थोडी पुढे गेल्याची चीर दिसते, कारण पत्तीला रुंदी असते. आमच्या नमुन्यांत एकही चीर नव्हती. आणि २५ मिलिमीटर जाडीत ८ मिलिमीटरचं गोल भोक चपट्या पत्तीने इतकं स्वच्छ निघतच नाही, ते पंचचं काम. आम्हाला भुलवण्यासाठी त्यांनी आमच्या फाइलीवरून खास डाय बनवून घेतली होती. हे कळलं त्या दिवशी भाऊ जेवला नाही.

तुम्हाला विक्रेत्याने कापलेला नमुना पाठवला तर कडेवर मोजपट्टी उभी धरून बघा आणि आतले कोपरे बघा. त्याहून चांगलं म्हणजे नमुना पाठवूच नका, रोल घेऊन स्वतः जा. तुमच्याकडचा सगळ्यात जाड आणि सगळ्यात मऊ माल न्या, पूर्ण टेबल भरून लावायला सांगा, तुमच्यासमोर फाइल उघडायला लावा, आणि कापलेला तुकडा उलटवून खालून मोजा. स्ट्रोक किती, हेड हवेवर की विजेवर, व्हॅक्यूमचा पंप किती किलोवॅटचा, मोटरींचा मेक आणि मॉडेल, हे सगळं कोटेशनवर लेखी घ्या. जो हे लिहून द्यायला कां कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग किंमत कितीही कमी असो.

पुढची गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त टोचते. आम्ही तक्रारी सुरू केल्यावर विक्रेत्याने तोडगा सुचवला. आणखी २ लाख भरा, त्याच टेबलावर सीओटू लेसर बसवून देतो, नायट्राइल लोण्यासारखं कापेल. नायट्राइल इन्सुलेशन म्हणून बाजारात जो काळा फोम मिळतो, तो बहुतेक वेळा नायट्राइल रबर आणि पीव्हीसी यांचं मिश्रण असतो. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं. लेसरने ते जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं हायड्रोक्लोरिक अॅसिड होतं. तो ओलावा मशीनच्या रुळांवर असतो तसा माणसाच्या डोळ्यांत, घशात आणि फुप्फुसांतही असतो. एक्सएलपीई लेसरखाली वितळतं आणि पेटूही शकतं. आमच्या शेडमध्ये दिवसभर मशीनजवळ उभी राहणारी पोरं विशी-बाविशीची आहेत. लेसरचा धंदा करणाऱ्या माणसाला पीव्हीसी कापायचं नसतं हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. तुम्हाला कुणी ही जोडणी विकत असेल तर मालाच्या उत्पादकाकडून डेटा शीट मागवा, त्यात क्लोरीन किंवा पीव्हीसी आहे का ते वाचा, आणि असेल तर लेसरचा विषय तिथेच बंद करा.

काही दिवसांनी सॉफ्टवेअरही बंद पडलं. डोंगलमध्ये (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावायची किल्ली) मुदत घातलेली होती, वाढवायला वेगळे पैसे. कोटेशनमध्ये याचा उल्लेख नव्हता. आम्ही ते भरले नाहीत.

कागदपत्रांतली गफलत आमच्या सीएंनी दाखवली. कोटेशन आणि वॉरंटी एका फर्मची, बिल दुसऱ्याच फर्मचं, नाव मात्र जवळजवळ सारखं. जीएसटीच्या पोर्टलवर कुठलाही नंबर टाकला की नोंदणीची तारीख, सध्याची स्थिती आणि विवरणपत्रं भरली की नाही हे कुणालाही फुकट दिसतं. बिलवाली फर्म काही महिन्यांपूर्वीची निघाली आणि तिने विवरणपत्रं भरलीच नव्हती. विक्रेत्याने बिल चढवलं नाही तर ते आपल्या जीएसटीआर-२बीमध्ये (खरेदीच्या बिलांचा पोर्टलवरचा तक्ता) येत नाही, आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथे न दिसणाऱ्या बिलावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेता येत नाही. म्हणजे ते २ लाख ७ हजारही लटकले. बिल कुठल्या नंबरवरून येणार हे ऑर्डरआधी लेखी विचारा आणि तो नंबर स्वतः तपासा.

पोलीस चौकीत पहिल्यांदा ‘हा दिवाणी वाद आहे’ असं सांगून परत पाठवलं. वकिलांनी समजावलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायची तर सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो. नुसतं मशीन नीट चालत नाही एवढ्याने ते होत नाही. आमच्याकडे हेतूचा पुरावा होता. डायवर कापलेले नमुने आणि एकाखाली एक चिकटवलेल्या पट्ट्या. चार्टर्ड इंजिनिअरला बोलावून त्याच्यासमोर पट्ट्या उचलल्या, फोटो काढले, अँपिअरच्या नोंदी घेतल्या आणि त्याचा अहवाल जोडून पुन्हा अर्ज दिला. तो आता चौकशीवर आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर रागाच्या भरात मशीन खोलू नका. आधी फोटो आणि साक्षीदार, मग स्क्रू ड्रायव्हर.

माल नाकारल्याचं तातडीने लेखी कळवणंही तितकंच महत्त्वाचं. १९३० च्या माल विक्री कायद्यात, न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरलं जातं. फोनवरची भांडणं इथे कामाला येत नाहीत, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट येतं. आमचा पहिला ईमेल वेळेत गेला होता, म्हणून त्या कमिशनिंग रिपोर्टसमोर उभं राहायला काहीतरी आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता धंद्यासाठी घेतलेल्या मालाला सहसा बंद असतो. निव्वळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेलं असेल तर अपवाद आहे, पण आमच्याकडे कामगार असल्याने वकिलांनी तो धोका घेतला नाही. एमएसएमई समाधान पोर्टल विकणाऱ्याची थकलेली रक्कम मिळवण्यासाठी आहे, घेणाऱ्यासाठी नाही. तीन लाखांवरचा दावा असल्याने व्यापारी न्यायालयाचा मार्ग उरला. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर तिथे दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. विक्रेता मध्यस्थीला आलाच नाही. दावा दाखल झाला आहे. बँकेचा हप्ता दर महिन्याला जातो आहे.

विक्रेता आता वेगळ्या फर्मच्या नावाने फिरतो आहे आणि तोच व्हिडिओ लोकांना पाठवतो आहे. आमच्या ओळखीतल्या चाकणच्या एका फॅब्रिकेटरला तो व्हिडिओ गेल्या महिन्यात आला. तो ओळखायचा असेल तर नीट बघा. पत्ती फोममध्ये शिरताना दिसते, मग चित्र तुटतं, आणि पुढच्या दृश्यात हात थेट कापलेला तुकडा उचलतो. एकही कोपरा सलग कापताना दिसत नाही. असा व्हिडिओ आला तर पाठवणाऱ्याला सांगा, पूर्ण टेबलाचं काम फाइल उघडण्यापासून तुकडा उलटवून मोजण्यापर्यंत न तोडता दाखव, आणि तेही आमच्या रोलवर, आमच्यासमोर. चाकणच्या त्या माणसाने एवढंच विचारलं. त्यानंतर त्याला फोन आला नाही.