उपयोजित कलेची चार वर्षे : एका विद्यार्थिनीचा अभिप्राय

पुण्यातील एका कला महाविद्यालयातून उपयोजित कलेचा (जाहिरात, पोस्टर, पुस्तिका अशा कामांसाठीच्या कलेचा) चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, म्हणजे ज्याला आपण सगळे ‘बीएफए अप्लाइड’ म्हणतो तो, मी नुकताच पूर्ण केला. प्रवेशाच्या वेळी मला कोणी नीट सांगितले असते तर बरे झाले असते, अशा काही गोष्टी आता या वाटेने येऊ पाहणाऱ्यांसाठी लिहीत आहे. प्रवेशाबद्दल फार लिहीत नाही. राज्याच्या कला सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असे पेपर असतात, आणि शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट मनापासून दिलेल्या विद्यार्थ्याला त्यांची भीती वाटू नये.

या अभ्यासक्रमाची खरी श्रीमंती पहिल्या दोन वर्षांच्या अक्षरलेखनात आहे. आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला स्वतःचा बोरू, म्हणजे तिरक्या टोकाची लेखणी, कापायला लावला. रोमन अक्षरांसाठीच्या टाकाचा काप ज्या बाजूला तिरका असतो, त्याच्या उलट बाजूला देवनागरीच्या बोरूचा काप असतो, ही गोष्ट पुस्तकात वाचून नव्हे, तर चुकीच्या कापाने ‘क’ची जाडी भलत्याच ठिकाणी आलेली पाहून आम्हाला कळली. नंतर महिनाभर आम्ही मराठी वळणाची पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच दोन अक्षरे गिरवत होतो. बहुसंख्य संगणकीय फाँटमध्ये या दोन अक्षरांची हिंदी वळणेच आधी दिसतात, त्यामुळे मराठी मजकूर मांडणाऱ्याचे हातवळण पक्के असलेच पाहिजे, असा सरांचा आग्रह होता आणि तो मला आज शंभर टक्के पटतो. विंडोजमधला ‘मंगल’ फाँट ज्यांनी घडवला त्या र. कृ. जोशींचे सुलेखन आणि मराठी नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांची शीर्षके आम्हाला तासन्‌तास पाहायला लावली जात. तेव्हापासून एसटी स्टँडवरची पाटी वाचतानाही माझी नजर आधी शिरोरेषेकडे जाते.

तिसऱ्या वर्षी संगणकावर काम सुरू झाले आणि तिथे मात्र अभ्यासक्रम उणा पडला. आषाढी वारीवरचे एक पोस्टर मी फोटोशॉपमध्ये करत होते. ‘विठ्ठल’ हा शब्द टाइप केला, तर वेलांटी ‘व’च्या आधी न येता नंतर जाऊन बसली आणि जोडाक्षर फुटून ‘ठ’चा पाय मोडलेला दिसू लागला. शिकवणाऱ्यांनी ‘फाँट बदलून बघा’ एवढेच सांगितले. मी सहा फाँट बदलले, दोन रात्री घालवल्या, आणि शेवटी तो शब्द हाताने काढून स्कॅन करून पोस्टरवर बसवला. पुढे नारायण पेठेतल्या एका डीटीपी करणाऱ्या काकांनी दोन मिनिटांत खुलासा केला की टाइपच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडल्याशिवाय फोटोशॉपच्या माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत देवनागरीची जुळणी नीट होत नसे. चार वर्षे अक्षरांवर जीव लावणाऱ्या अभ्यासक्रमात ही एक ओळ कोणी फळ्यावर लिहू नये, याचे मला आजही वाईट वाटते, कारण माझ्या वर्गातील कित्येकांनी या त्रासाला कंटाळून आपली कामे सरळ इंग्रजीत करायला सुरुवात केली होती.

छपाईची गोष्टही याच जातीची. पडद्यावर झळाळणारा निळा रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांच्या, शाईत जांभळट आणि मलूल होतो, कागद कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापरेषेबाहेर वाढवलेले चित्र, सोडावे लागते, हे आम्हाला तोंडी परीक्षेपुरते पाठ होते. प्रत्यक्ष छापखाना मात्र चार वर्षांत एकदाच, तोही लांबून दाखवला गेला. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांपुढे कामे मांडण्याच्या, आदल्या संध्याकाळी माझी पुस्तिका ब्लीडअभावी परत आली, तेव्हा त्या पाठांतराचा काडीचाही उपयोग झाला नाही.

खर्चाचाही विचार आधी करावा. शुल्काव्यतिरिक्त कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर, माउंट बोर्ड आणि सबमिशनच्या प्रिंट यांवर माझे एका सत्रात साधारण ९,००० रुपये जात, आणि शेवटच्या वर्षी त्यात लॅपटॉपची भर पडली.

एवढे असूनही पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी हाच अभ्यासक्रम निवडेन, कारण बोरूने घडवलेली नजर सहा महिन्यांच्या सॉफ्टवेअर क्लासमध्ये मिळत नाही. फक्त प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांची छापून आलेली मराठी कामे दाखवा म्हणून मागावीत, ती हातात घेऊन जोडाक्षरे आणि कडा नीट पाहाव्यात, आणि पहिल्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळच्या एखाद्या छापखान्यात महिनाभर बिनपगारी का होईना, उभे राहावे. मी हे तिसऱ्या वर्षानंतर केले. दोन वर्षे आधी करायला हवे होते.